माल्कम पेठ (नावाची व्युत्पत्ती)
माल्कम पेठ हे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर या गिरिस्थानाचे ब्रिटिशकालीन नाव होय. पंचगंगेचे मंदिर असलेले क्षेत्र महाबळेश्वर याहून वेगळे व पुरातन आहे. माल्कम पेठ ही त्याच्या दक्षिणेस वसवलेली नवी वसाहत. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम (१७६९–१८३३) यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तह करून ही जागा मिळवली व मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव दिले. (हे खंडाळा बोरघाटातील नव्हे.)

माल्कम हे नाव इंग्रजी समजले जाते, परंतु ते मूळचे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील आहे. ‘मेल कोलुम’ या जोडनावातील ‘मेल’ म्हणजे मुंडन केलेला, अर्थात दीक्षित सेवक. ‘कोलुम’ म्हणजे संत कोलुंबा. हा आयरिश संत ५६३ मध्ये आयोना बेटावर आला व तेथे त्याने मठ स्थापिला. त्याच्या नावाचा लॅटिन अर्थ कबुतर असा आहे. म्हणजे माल्कम याचा अर्थ ‘कोलुंबाचा दास’. रामदास, तुलसीदास या नावांची घडण अगदी अशीच असल्याने मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. दहाव्या ते बाराव्या शतकांत स्कॉटलंडमध्ये या नावाचे चार राजे झाले. पुढे व्यक्तिनामाचे आडनाव बनले. रोमन लिपीतील लेखनात शेवटच्या ‘म’पूर्वी येणारा दुसरा ‘ल’ उच्चारला जात नाही, पण तो ‘कोलुम’मधलाच आहे. मराठीने उच्चार घेतला, त्यामुळे तो ‘ल’ आपल्याकडे आलाच नाही.

नावाचा उत्तरार्ध मात्र अस्सल देशी आहे. व्यक्तीच्या नावाने पेठ वसवण्याची रीत येथे रूढच होती. पुण्याची सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या, तर साताऱ्याची प्रतापगंज पेठ प्रतापसिंहांच्या नावाची. त्याच रीतीत गव्हर्नरचे आडनाव बसले.

येथील एल्फिन्स्टन पॉइंटच्या नावाचा प्रवास याहून लांबचा आहे. स्कॉटलंडच्या ईस्ट लोथियन परगण्यात एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे. त्या जमिनीवरून घराण्याला आडनाव मिळाले आणि आडनावावरून सह्याद्रीतील एका कड्याला नाव पडले.

‘माल्कम पेठ’ आज बोलण्यात क्वचितच येते. क्षेत्राचे नाव गिरिस्थानाला लागले आणि मूळ क्षेत्राला ‘जुने महाबळेश्वर’ म्हणण्याची वेळ आली.