ढगातले बिल आणि जिन्यातला दिवा

आमचे लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेले. बिऱ्हाडे ११ आणि विजेचा मीटर एक! महिन्याचे बिल आले की मालक ते सर्वांत सारखे वाटून देत. परिणाम काय व्हावा? मागच्या चौकातला दिवा भरदिवसा जळत राही. तो मालवून जे वाचेल त्याचा अकरावा हिस्सा आपल्या वाट्याला. तेवढ्यासाठी उठतो कोण? पुढे बिऱ्हाडागणिक सबमीटर बसले आणि एका महिन्यात साऱ्या वाड्याला बटणे सापडली.

ही आठवण निघाली भाच्यामुळे. हिंजवडीत, ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी गणपतीत आला तो चेहरा पाडूनच.

"मामा, चाचणीपुरता घेतलेला एक सर्व्हर बंद करायचा राहिला. ३ महिने नुसताच चालू! साहेबांनी सगळ्यांसमोर झाडले. पण त्याचे बिल मला कधी कोणी दाखवलेच नव्हते."

मला त्याचे म्हणणे पटले. पूर्वी कंपनीला यंत्र हवे असले की मागणीपत्र, कोटेशन, हिशेबनिसाची सही असे सोपस्कार होत. खर्चाच्या दाराशी पहारेकरी बसलेला असे. २००६ साली ॲमेझॉनने आपली यंत्रे ताशी भाड्याने द्यायला सुरुवात केली. लहान यंत्राला तासाला १० सेंट. बटण दाबले की काही मिनिटांत दूरचे यंत्र आपल्या सेवेला हजर. ह्यालाच क्लाउड म्हणायचे. पहारेकरी उठला! आता १० सेंट ती काय रक्कम? पण तेच यंत्र रात्रंदिवस ३० दिवस चालले की ७२ डॉलर होतात, आणि अशी १०० यंत्रे विसरली तर ७,२०० डॉलर.

खर्च करतो इंजिनिअर, बिल पाहतो हिशेबनीस. हजारो ओळींच्या त्या बिलात कामाचे यंत्र कोणते आणि विसरलेले कोणते, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? तो सरसकट कपात सुचवतो. इंजिनिअरला धास्ती, की दिवाळीच्या गर्दीत दुकान बंद पडले तर? म्हणून तो गरजेच्या दुप्पट यंत्रे बाळगतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर!

ह्या दोघांना एका पाटावर बसवण्याच्या पद्धतीला फिनऑप्स म्हणतात. तिचा प्रसार करणारी फिनऑप्स फाउंडेशन ही संस्था २०१९ साली निघाली. आपण भांड्यांवर नावे घालून घेतो ना, तसे प्रत्येक यंत्रावर प्रकल्पाचे आणि गटाचे नाव घालायचे. आणि ज्याचा खर्च त्याला रोजच्या रोज दाखवायचा. काही कंपन्या नुसता दाखवतात, काही तो त्या विभागाच्या खात्यावर टाकतात. आकडा समोर आला की इंजिनिअर आपणहून हिशेब करू लागतो. आठवड्याचे तास १६८. चाचणीचे यंत्र कचेरीच्या वेळेत ६० तास चालले तरी पुरते. उरलेले १०८ तास भाडे कशाला?

दराची घासाघीस मात्र एकाच ठिकाणी व्हावी. १ किंवा ३ वर्षांचा वायदा केला तर दर उतरतो. वर्षाचे धान्य भरण्यासारखेच हे. फार भरले तर कीड लागायची. शिवाय बिल वाढले म्हणजे उधळपट्टीच झाली असेही नाही. सणात गिऱ्हाइके दुप्पट आली तर बिलही चढणारच. एका ऑर्डरीमागे काय पडले, ते पाहावे.

भाच्याच्या कंपनीत आता रोज सकाळी गटागटाचा आकडा येतो. भांडण उरले आहे ते सुरक्षेच्या आणि नेटवर्कच्या सामाईक खर्चाचे. तो कोणी किती सोसायचा?

"मामा, सबमीटर आल्यावर तुमच्या जिन्यातल्या दिव्याचे काय झाले?" त्याने परवा विचारले.

काय होणार! तळमजल्याची बिऱ्हाडे म्हणाली, आम्ही जिना चढतच नाही. पंधरा दिवस अंधार होता. मग वरच्यांनी पूर्ण वाटा आणि तळमजल्याने अर्धा द्यायचा ठरला. तोही दोन बैठकांनंतर.