जड अँप्लिफायर : वजन कशाचे?

कापडाला भरपूर खळ दिली की तागा हाताला भारदस्त लागतो. एका धुण्यात असलियत बाहेर येते. स्वस्तातला जड पॉवर अँप्लिफायर घेताना आमच्या मंडपवाल्या, साऊंडवाल्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. लग्नसराईत उधारीवर घेतलेला सेट पहिल्याच वरातीत बसला तर भाडे जाते आणि गिऱ्हाईकही.

वजन ट्रान्सफॉर्मर व हीटसिंकचे असेल तर पैसा वसूल. नुसत्या जाड पत्र्याचे असेल तर ते भंगाराच्या भावाचे. गुंडाळी तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची, हे मेकॅनिककडून उघडून पाहून घ्यावे. स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

वॅटच्या आकड्यावर इतबार नको. पी.एम.पी.ओ. निव्वळ जाहिरातीचा, आर.एम.एस. विचारा, तेही किती ओहमवर. मग मागचा फ्यूज पाहा. २ अँपिअरचा असेल तर २३० व्होल्टवर हिशेब ४६० वॅटचा, त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. १००० वॅट सतत येणार कोठून?

हलका माल खोटाच असेही नाही. क्लास डी जातीचे अँप्लिफायर बहुधा हलकेच असतात. पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच स्पीकर जोडून तासभर मोठ्या आवाजावर चालवा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.