बोलकी पुस्तके : संगणकावरून वाचनयंत्रावर

छापील अक्षर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीला ज्ञानाचे दार उघडून देणारी दोन साधने गेल्या दोन शतकांत पुढे आली. एक ब्रेल लिपी आणि दुसरे बोलके पुस्तक. अमेरिकेत १९३४ साली व ब्रिटनमध्ये १९३५ साली ध्वनिमुद्रिकांवरील बोलकी पुस्तके अंध वाचकांना मिळू लागली. पुढे कॅसेट आली. तथापि दहा तासांच्या पुस्तकाला नव्वद मिनिटांच्या सात कॅसेटी लागत आणि हवे ते प्रकरण शोधण्यासाठी फीत मागेपुढे फिरवीत बसावे लागे. परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण विशेष जाचक होती.

ती दूर करण्यासाठी १९९६ साली विविध देशांतील बोलक्या पुस्तकांची ग्रंथालये एकत्र आली व त्यांनी ‘डेझी’ संघ स्थापन केला. या संघाने विकसित केलेल्या पद्धतीचे पुस्तक एका लहानशा मेमरी कार्डावर मावते. सेकंदाला ६४ किलोबिट या प्रतीच्या ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. म्हणजेच १६ गिगाबाइटच्या कार्डावर दहा तासांची पन्नास पुस्तके सहज राहतात.

पुस्तकाची अंतर्रचना

डेझी पुस्तक म्हणजे केवळ ध्वनिमुद्रण नव्हे. त्यात आवाजाच्या फायलींबरोबर अनुक्रमणिकेची फाईल असते, तसेच कोणते शीर्षक ध्वनीच्या कोणत्या क्षणी सुरू होते हे सांगणाऱ्या जोड-फायली असतात. त्यांच्यामुळेच वाचक एका कळीने पुढील प्रकरणावर जातो, तशी सोय केलेली असल्यास पान क्रमांकही गाठतो. मदत करणारी व्यक्ती पुष्कळदा केवळ आवाजाच्या फायली उतरवून देते व बाकीच्या निरुपयोगी समजून वगळते. परिणामी पुस्तक ऐकू येते, परंतु त्यात वाट सापडत नाही.

उतरवून घेण्याची पद्धत

भारतात अशा पुस्तकांसाठी केंद्र शासनाच्या पुढाकाराने २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. नोंदणी करून पुस्तक संगणकावर घेतल्यानंतर पुढील क्रम पाळावा.

१. पुस्तक बहुधा ‘झिप’ स्वरूपात बांधलेले येते. ते प्रथम संगणकावर उलगडावे.

२. प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र फोल्डर द्यावा. फोल्डरला ओळखता येईल असे नाव द्यावे, मात्र आतील फायलींची नावे बदलू नयेत. जोड-फायली त्या नावांवरच अवलंबून असतात.

३. कार्ड संगणकाला जोडून संपूर्ण फोल्डर त्यावर उतरवावा. काही वाचनयंत्रांत डेझी पुस्तकांसाठी ठरावीक नावाचा मुख्य फोल्डर असतो. पुस्तक त्याबाहेर ठेवल्यास ते यंत्राच्या पुस्तकयादीत येत नाही.

४. कार्ड एकदम उपसून न काढता संगणकाला तशी सूचना देऊन काढावे, अन्यथा फाईल अपुरी राहण्याचा संभव असतो.

५. कार्ड यंत्रात घालून वाचकाच्या हातूनच पुस्तक उघडून पाहावे आणि दोन-तीन प्रकरणांवर जाता येते याची खात्री करावी.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. काही डेझी पुस्तकांत मानवी आवाज नसून केवळ मजकूर असतो व यंत्र तो कृत्रिम आवाजात वाचते. यंत्रात मराठी आवाजाची सोय नसेल, तर मराठी पुस्तक ध्वनिमुद्रित स्वरूपातच घ्यावे.

कायद्याचा आधार

प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांग व्यक्तींना वाचता यावे म्हणून पुस्तकाची सुलभ प्रत करण्यास मुभा आहे. या विषयावरील २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा पहिला देश होय. अर्थात ही सवलत लाभधारकांपुरतीच आहे. अशा प्रती इतरांना वाटणे उचित नाही.

ज्या घरी संगणक नाही, अथवा नेटवर्क अधूनमधूनच येते, तेथे या सुविधेचा लाभ दुसऱ्या कोणीतरी पुढाकार घेतल्याशिवाय पोहोचत नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत संगणक असतो. महिन्यातून एक दुपार राखून गावातील अंध विद्यार्थ्याच्या कार्डावर त्याने मागितलेली पुस्तके उतरवून दिली, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. एकदा कार्ड भरले की वाचनासाठी इंटरनेटची गरज उरत नाही. मग तो विद्यार्थी कोणाच्या सवडीची वाट न पाहता, स्वतःच्या वेळेला, हवे ते पान उघडून अभ्यास करू शकेल. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या गावात अशी गरज कोणाला आहे याची चौकशी करून प्रारंभ करावा.