तय्यब अलींची उंची

माजिवड्यातल्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. नाटकात पोस्टमनच्या कामासाठी आम्ही आठवीतल्या एका मुलाला बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, "नको सर. मी स्टेजवर आलो की सगळे माझ्या उंचीला हसतात. आणि वाक्यंही दोनच आहेत." आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री घरी अब्बा टीव्हीवर 'अमर अकबर अँथनी' (१९७७) पाहत होते. पडद्यावर तय्यब अली आले, तसे अब्बा म्हणाले, "हे आपल्या कोकणातले. मुकरी!"

मुहम्मद उमर मुकरी यांचा जन्म १९२२चा, कोकणी मुसलमान घरातला. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाममध्ये त्यांच्यासोबत शिकायला युसूफ खान होते, म्हणजेच पुढचे दिलीपकुमार. सिनेमात येण्याआधी मुकरी काझीचं काम करत. मग १९४५ साली बॉम्बे टॉकीजच्या 'प्रतिमा'त ते पडद्यावर आले. त्या चित्रपटाचे नायक होते दिलीपकुमार. एकाच शाळेतले दोघे. एक नायक झाला, दुसरा त्याच्या बाजूला उभा राहिला. 'आन' (१९५२) आणि 'कोहिनूर' (१९६०) मध्येही दोघे एकत्र दिसतात.

'मदर इंडिया' (१९५७), 'पडोसन' (१९६८), 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) अशी कामं सुमारे पाच दशकं चालू राहिली. ४ सप्टेंबर २००० रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

सिनेमावाल्यांनी त्यांच्या ठेंगणेपणावर पुष्कळ विनोद केले, हे खरं आहे. आम्हीही हसलो. पण तय्यब अली नीट पाहा. लेकीच्या निकाहाला अडून बसलेला हा बाप गाण्यात भर रस्त्यात फजीत होतो, तरी त्याचा ताठा उतरत नाही. असे चाचा आपल्या मोहल्ल्यात आपण पाहिलेले असतात, म्हणून ते लक्षात राहतात. 'शराबी' (१९८४) मध्ये तर उंचापुरे अमिताभ बच्चन नत्थूलालच्या मिशांची तारीफ करतात. त्या मिशा आजही लोकांच्या तोंडी आहेत. काम थोडं होतं, पण मुकरींनी ते मन लावून केलं.

मुलाने घरी येऊन स्नेहसंमेलनातल्या कामाचं सांगितलं की आपण पालक आधी विचारतो, "वाक्यं किती?" तिथेच त्याच्या मनात कमीपणा शिरतो. काम काय आहे, ते विचारावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "सर, त्यांना कधी हिरो व्हावंसं वाटलं नसेल?" आम्ही म्हणालो, "वाटलंही असेल, बाळा. पण मिळालेलं काम त्यांनी कधी हलकं मानलं नाही."

तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "पोस्टमनची थैली खांद्याला लावायची ना? माझ्या मापाची शिवून घ्यावी लागेल."

थैली अम्मींनी शिवली.