बोटाऐवजी चिप

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवरचे बटन दाबले की पडद्यावरचे पात्र उडी मारते. बोट आणि उडी यांच्या दरम्यान नेमके काय घडते, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक विद्यार्थी 'सिग्नल जातो' एवढेच सांगतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. हा सिग्नल कसला असतो हे नीट समजले, की कंट्रोलर उघडून त्यात आपली स्वतःची एक चिप बसवता कशी येते, तेही समजते. शिवाय, अशी चिप बसवणे योग्य की अयोग्य, या वादाचाही डोळसपणे विचार करता येतो.

उदाहरणासाठी आपण निन्टेन्डो कंपनीचा जुना कंट्रोलर घेऊ. हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' या नावाने आणि १९८५ साली अमेरिकेत 'एनईएस' या नावाने आले. १९९० च्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून विकली जाणारी अनेक स्वस्त यंत्रे म्हणजे याचीच नक्कल होती. त्याची रचना फळ्यावर काढून दाखवता येईल इतकी साधी आहे.

बटनाखाली काय असते?

बटनाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या आतल्या बाजूला कार्बनयुक्त, वीजवाहक रबराची चकती. त्याखाली सर्किट बोर्डवर दोन पट्ट्या एकमेकींजवळ, पण न टेकता काढलेल्या असतात. एक पट्टी शून्य व्होल्टला, म्हणजे 'ग्राउंड'ला जोडलेली असते. दुसरी एका रोधातून ५ व्होल्टला. बटन मोकळे असताना दुसऱ्या पट्टीवर ५ व्होल्ट मिळतात. बटन दाबले की चकती दोन्ही पट्ट्या जोडते आणि तो दाब जवळजवळ शून्यावर येतो. रोध १० किलोओहम आहे असे समजले, तर ओहमच्या नियमानुसार या वेळी वाहणारा प्रवाह ५ भागिले १०,००० म्हणजे फक्त अर्धा मिलिअँपिअर येतो. रोध नसता, तर बटन दाबताच शॉर्ट सर्किट झाले असते.

अशी एकूण आठ बटने असतात. त्यांची स्थिती गोळा करण्याचे काम '४०२१' ही चिप करते. तिला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. मुख्य यंत्र एका तारेतून 'लॅच' नावाचा स्पंद पाठवते. मुलांच्या खेळात 'स्टॅच्यू' म्हटल्यावर सगळे जागच्या जागी थिजतात, तशी त्या क्षणाची आठही बटनांची स्थिती चिपमध्ये पक्की होते. मग 'क्लॉक'च्या स्पंदांबरोबर त्या आठ स्थिती एकामागून एक रांगेने तिसऱ्या तारेतून बाहेर पडतात. ५ व्होल्ट आणि ग्राउंड धरून पाच तारांत सारा कारभार आटोपतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, यंत्र ही विचारपूस सेकंदाला सुमारे ६० वेळा करते (आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० वेळा), आणि मधल्या काळात काय घडले हे त्याला कळत नाही. दुसरी, उत्तरात फक्त शून्य किंवा एक असते. तार कोणी शून्यावर ओढली याची नोंद त्यात नसते.

चिप कुठे जोडायची?

आपल्याला असे बटन हवे आहे, की ते नुसते दाबून धरले तरी 'ए' बटन भराभर दाबल्याचा परिणाम मिळावा. यासाठी एटीटायनी ८५ सारखा आठ पायांचा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, पुरेसा होतो. त्यात आधी प्रोग्रॅम भरून घ्यायचा. मग त्याचा एक पाय ५ व्होल्टला, एक ग्राउंडला, एक 'ए' बटनाच्या तारेला, एक लॅचच्या तारेला आणि एक आपण बसवलेल्या जादा बटनाला जोडायचा.

काम सुरू करण्यापूर्वी कंट्रोलर यंत्रापासून काढून ठेवावा. कोणती पट्टी कुठे जाते हे मल्टिमीटरने तपासावे. पट्टीवरचे लाखेचे आवरण हलकेच खरवडून बारीक तार सोल्डर करावी. सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे. जास्त तापले तर तांब्याची पट्टी बोर्डापासून सुटते. शेवटी चिपभोवती चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ती इतर भागांना टेकणार नाही.

प्रोग्रॅममध्ये एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे लागते. चिपने 'ए'ची तार शून्यावर ओढावी किंवा मोकळी सोडावी. ती ५ व्होल्टला कधीही धरून ठेवू नये. चिपने तार ५ व्होल्टला धरली असतानाच कोणी 'ए' दाबले, तर तो पाय थेट ग्राउंडला जोडला जाऊन चिप जळू शकते. पथ्य पाळले तर बोट आणि चिप एकाच तारेवर सुखाने नांदतात. दोघांपैकी कोणीही तार ओढली की बटन दाबल्याची नोंद होते. विद्यार्थ्यांना हे 'ऑर गेट' चटकन ओळखता येईल.

वेग वाढवला तर?

जपानमध्ये १९८० च्या दशकात ताकाहाशी मेइजिन हे सेकंदाला १६ वेळा बटन दाबण्यासाठी प्रसिद्ध होते. चिप तर हजारो वेळा दाबू शकेल. मग ६० विचारपुशींत तिला किती मजल मारता येईल?

एक दाबणे मोजले जायला एका विचारपुशीत बटन दाबलेले आणि पुढच्या विचारपुशीत सुटलेले दिसायला हवे. म्हणजे कमाल वेग सेकंदाला ३०. चिपने ४० वेळा दाबले, तर यंत्राला ४० दिसत नाहीत. ६० वजा ४०, म्हणजे २० दिसतात. ५० वेळा दाबले तर १०. आणि बरोबर ६० वेळा दाबले तर प्रत्येक विचारपुशीत एकच स्थिती दिसते: बटन एकतर सतत दाबलेले किंवा सतत मोकळे! चौकटीच्या वहीवर दोन रेघा आखून विद्यार्थ्यांना हे स्वतः पडताळता येईल. चित्रपटात घोडागाडीचे चाक कधी थांबलेले, कधी उलटे फिरताना दिसते, त्यामागे हेच कारण आहे. प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणे लावताना आम्हालाही हा नियम सांभाळावा लागतो.

म्हणूनच आपण लॅचची तार चिपला जोडली. प्रत्येक लॅचनंतर चिपने स्थिती बदलली की नेमका ३० चा वेग मिळतो.

खेळ कोणाचा?

त्या नकली यंत्रांच्या अनेक कंट्रोलरवर 'टर्बो' नावाची जादा बटने असत. त्यांत हीच युक्ती कारखान्यातच बसवलेली असे. पुढे २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरमध्ये लोकांनी अशाच छोट्या चिप बसवल्या आणि नेमबाजीच्या खेळांत बंदुका भराभर चालवल्या. समोरचा खेळाडू मात्र बोटानेच खेळत होता. त्याला न सांगता मिळवलेला असा विजय ही फसवणूकच होय.

पण स्नायू दुर्बल झालेल्या मुलाचा विचार करा. त्याला बटन दाबून धरता येते, भराभर दाबता येत नाही. त्याच्यासाठी हीच चिप म्हणजे खेळात शिरण्याचे दार. तार दोघांना ओळखत नाही, त्यामुळे एकाला अडवणारा उपाय दुसऱ्यालाही अडवू शकतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर विनापरवाना उपकरणे चालू देणे थांबवले, तेव्हा अपंग खेळाडूंनी नेमकी हीच चिंता व्यक्त केली. याच कंपनीने २०१८ साली अपंगांसाठी खास कंट्रोलर आणला होता. त्याला ३.५ मिलिमीटरची १९ सॉकेट आहेत. प्रत्येक सॉकेटला पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबता येईल असे बटन जोडता येते.

या कल्पनेसाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. शाळेतल्या संगणकाचा तारेचा साधा माउस उघडा. डाव्या बटनाच्या स्विचच्या दोन टोकांना दोन तारा सोल्डर करून त्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटपर्यंत आणा. त्या सॉकेटला जोडलेले मोठे बटन दाबले की माउसला क्लिक मिळते. बोटांवर ताबा नसलेला आपल्या वर्गातला विद्यार्थी तळहाताने किंवा पायाने क्लिक करू शकेल. नववी-दहावीच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली एका दुपारी जमेल असे हे काम आहे. सुरुवात करण्यापूर्वी ज्याच्यासाठी ते करायचे त्यालाच विचारावे: बटन कुठे ठेवले तर तुला सोपे जाईल?