केरळचा कायल-प्रदेश : निवासी नौका आणि पाण्याचा समतोल

सह्याद्रीच्या उतारावरून केरळात उतरणाऱ्या अनेक नद्या समुद्रास सरळ मिळत नाहीत. लाटांनी व प्रवाहांनी किनाऱ्यालगत रचलेल्या वाळूच्या लांबट पट्ट्यांमुळे त्यांचे पाणी आतल्या बाजूस अडते आणि तेथे उथळ, विस्तीर्ण जलाशय निर्माण होतात. मल्याळम भाषेत त्यांना 'कायल' म्हणतात. पावसाळ्यात येथे नद्यांच्या गोड्या पाण्याचे राज्य असते, तर उन्हाळ्यात भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी आत शिरते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या या वार्षिक देवाणघेवाणीवर तेथील भात, मासळी आणि मनुष्यवस्ती अवलंबून आहे.

या जलाशयांत वेंबनाड हा प्रमुख होय. आलप्पुळापासून कोचीपर्यंत पसरलेला सुमारे ९६ किलोमीटर लांबीचा हा जलाशय भारतातील सर्वांत लांब सरोवर मानला जातो. पंबा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल आणि मुवाट्टुपुळा या नद्या त्यास येऊन मिळतात. वेंबनाड-कोल पाणथळ क्षेत्रास २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

भातवाहू नौकेचे रूपांतर

आज पर्यटकांना परिचित असलेली निवासी नौका मूळची मालवाहू होय. 'केट्टुवळ्ळम' या नावाचा अर्थच मुळी बांधलेली, म्हणजे शिवलेली नौका. रानफणसाच्या जातीतील अंजिली वृक्षाच्या फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवीत असत. सांध्यांत नारळाचा काथ्या ठासला जाई व वरून काजूच्या टरफलाच्या तेलासारखे लेप दिले जात. लोखंडी खिळा वापरला जात नसे. खाऱ्या पाण्यात गंजणारे काही नसल्यामुळे नौका दीर्घकाळ टिके आणि दोरी जीर्ण झाल्यास ती उसवून पुन्हा शिवता येई. कुट्टनाडचे भात व मसाल्याचे पदार्थ या नौकांतून कोचीच्या बाजारपेठेकडे जात. उथळ पाण्यात नावाडी लांब बांबू तळाला टेकवून त्या पुढे रेटीत.

रस्ते व पूल झाले, मालमोटारी आल्या आणि या नौका काठावर पडून राहू लागल्या. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांवर बांबू व चटयांचे छत चढवून निवासाच्या खोल्या बांधण्याची कल्पना पुढे आली. मोडीत निघालेल्या साधनास नवे काम मिळाले. नौका शिवणारे कारागीर, खलाशी, स्वयंपाकी आणि ताजी मासळी पुरविणारे काठावरील लोक अशा अनेकांना त्यातून रोजगार लाभला.

समुद्रसपाटीखालील शेती

नौका कुट्टनाडच्या कालव्यांतून जाऊ लागली की प्रवाशास एक नवल दिसते. नौका उंचावर असते आणि बांधापलीकडची हिरवी शेते खाली असतात. जलाशयातील गाळाभोवती बांध घालून, आतील पाणी उपसून ही जमीन मिळविलेली असून काही ठिकाणी ती समुद्रसपाटीच्या सुमारे दोन मीटर खाली आहे. पूर्वी हे पाणी पायांनी फिरविण्याच्या लाकडी चक्रांनी उपसले जाई. पुढे यंत्रे आली. या शेतीपद्धतीस २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

एका बंधाऱ्याची दोन फळे

'पुंजा' हे येथील मुख्य भातपीक ऐन उन्हाच्या दिवसांत, म्हणजे नेमक्या खारे पाणी चढण्याच्या काळात तयार होते. त्याच्या रक्षणासाठी १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे दरवाजांचा बंधारा बांधण्यात आला. उन्हाळ्यात दरवाजे बंद ठेवल्याने पीक वाचले, यात संशय नाही. परंतु भरती-ओहोटीने होणारी जलाशयाची स्वच्छता दक्षिण भागात थांबली. खारे पाणी ज्या जलपर्णीचा नाश करी, ती फोफावली. शेतांतील खते व कीटकनाशके पाण्यात साचून राहू लागली. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीस अंडी घालण्यासाठी निमखाऱ्या पाण्याकडे जावे लागते. तिची वाट अडली. त्यामुळे दरवाजे केव्हा उघडावेत, या प्रश्नावर शेतकरी एका बाजूस व मच्छीमार दुसऱ्या बाजूस, असे चित्र निर्माण झाले.

पर्यटनाचा भार याच कोंडलेल्या पाण्यावर पडला आहे. यांत्रिक नौकांचे तेल, मैला आणि प्लास्टिकचा कचरा हे त्यातील मुख्य दोष होत. काठावरील अनेक कुटुंबे ज्या पाण्यात धुणेभांडी करतात, त्याच पाण्यात हे सर्व मिसळते. मैलापाणी नौकेवरील टाकीत साठवून काठावरील प्रक्रिया केंद्रात उतरविणे, तसेच पाण्यास पेलवेल इतक्याच नौकांना परवाने देणे हे त्यावरील उपाय होत. मात्र त्यांची अंमलबजावणी नित्य तपासणीवाचून होत नाही. सौरशक्तीवर चालणारी प्रवासी नौका २०१७ पासून वैक्कम येथील जलमार्गावर सुरू झाली, हे या संदर्भात उत्साहवर्धक उदाहरण आहे. २०१८ च्या महापुरात कुट्टनाड जलमय झाले, तेव्हा लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी निवासी नौकाही उपयोगी पडल्या.

कोकणास परिचित प्रश्न

महाराष्ट्राच्या किनाऱ्यास हा विषय परका नाही. खाडीकाठचे बांध, भरतीस मिटणाऱ्या व ओहोटीस उघडणाऱ्या उघाड्या आणि त्यांमागील खारभूमीतील भातशेती कोकणातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांभाळीत आला आहे. राज्यात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ सालचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या पात्रात निवासी नौकांचा प्रयोगही झालेला आहे.

खाडीत पर्यटन आणू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायतीने केरळचा अनुभव अवश्य ध्यानी घ्यावा. पहिली नौका पाण्यात उतरण्यापूर्वीच तिचा मैला कोठे उतरणार, जाळी टाकण्याच्या जागा व वेळा कशा राखल्या जाणार आणि उघाडीच्या दुरुस्तीचा खर्च कोण उचलणार, हे ग्रामसभेत ठरले पाहिजे. शेतकरी, मच्छीमार आणि नौकामालक या तिघांचेही पाणी एकच आहे. ते बिघडल्यास शेती व मासेमारीबरोबर पर्यटनही बुडेल, आणि प्रवासी निघून गेल्यावर त्या पाण्याकाठी राहावयाचे आहे ते गावालाच.