सहाच्या खेळाचा दिवा

संध्याकाळचा सहाचा खेळ सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला की पडदा काळा व्हायचा. आवाज मात्र चालूच. नायिका बोलतेय, मागे पाऊस कोसळतोय आणि समोर मिट्ट अंधार. मग शिट्ट्या, खुर्च्यांची बडवाबडवी. वर केबिनमध्ये ऑपरेटरकाका बटण दाबायचे, चटचट ठिणगी पडायची आणि झेनॉनचा दिवा पुन्हा पेटायचा. हे 2006च्या मे महिन्यातलं, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या एकपडदा थिएटरातलं. मी इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन नुकताच मोकळा झालो होतो, म्हणून मालकांनी बोलावलं. तोवर दिवा बदलून झाला होता, ठिणगी देणारा इग्निटर बदलून झाला होता. नवा कोरा दिवाही तसाच विझत होता.

काकांचं अर्धं आयुष्य कार्बनवर गेलेलं. कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये विजेची कमान आणि तिचा डोळे दिपवणारा उजेड. कांड्या जळून झिजत, अंतर वाढे आणि वेळेत जवळ आणल्या नाहीत तर कमान तुटे. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपतं. तेवढा वेळ गडद काचेतून टोकांवर नजर ठेवायची, हात मुठीवर. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबू टॉकीज फिरायच्या, तेव्हा असे कितीतरी जण ट्रकमधल्या प्रोजेक्टरपाशी रात्र रात्र उभे असत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या 2016 सालच्या माहितीपटात त्या फिरत्या सिनेमाचे अखेरचे दिवस दिसतात. सांगायचा मुद्दा असा, की कार्बन विझला तर का विझला हे ऑपरेटरला समोर दिसत होतं. झेनॉनचा दिवा बंद पेटीत जळतो. तिथे हाताला काम उरत नाही आणि डोळ्यांनाही फारसं नाही.

झेनॉन सिनेमाघरात आला तो 1950च्या दशकात, जर्मनीतून. क्वार्ट्‌झ काचेचा फुगा, आत समोरासमोर टंगस्टनचे दोन दांडे, एक जाड आणि एक टोकदार, आणि भोवती दाबून भरलेला झेनॉन वायू. दिवा थंड असतानाच आतला दाब हवेच्या सुमारे दहापट असतो, पेटल्यावर तो आणखी कितीतरी वाढतो. म्हणून काका दिवा काढता-घालताना चामडी हातमोजे आणि तोंडावर जाळी घालायचे, तेही बाकीच्यांना केबिनबाहेर काढून. काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसल्याशिवाय दिवा लावायचा नाही. बोटाचं तेल तापून काचेत डाग धरतं आणि काच तिथूनच दगा देते.

आमचा दिवा 2000 वॉटचा होता. पेटताना त्याला वीस-तीस हजार व्होल्टचा झटका लागतो. एकदा कमान धरली की मात्र जेमतेम 25 व्होल्ट पुरतात आणि प्रवाह असतो 80 अँपिअरच्या घरात. या 80 अँपिअरपायीच पहिला संशय जोडांवर जातो. केबलच्या टोकाच्या लगाखाली एक शतांश ओहमचा जरी अडथळा आला, तरी त्या एका नटापाशी 64 वॉटची उष्णता निघते, एखादा घरगुती बल्ब पेटावा इतकी. जोड तापतो, पसरतो, सैल होतो. थंड झाला की पुन्हा बसतो. अर्ध्या तासाने विझणारा दिवा बऱ्याचदा असाच विझतो. मी लग सोडवले. स्वच्छ, पिवळेधमक. काळपटपणाचा मागमूस नाही.

दुसरा संशय व्होल्टेजवर. गावात संध्याकाळी दिवे लागले की व्होल्टेज पडतं, दिव्याला एकदिश वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरचा प्रवाह खाली येतो आणि ठरल्या किमान प्रवाहाखाली कमान थरथरून तुटते. तीन फेजांपैकी एक अशक्त झाला तरी तेच. हे कारण इतकं पटणारं होतं की मालक नवा स्टॅबिलायझर घ्यायला निघाले होते. मी त्यांच्याकडे चार दिवस मागितले आणि शाळेची एक वही आणली. खेळ, दिवा विझल्याची वेळ, व्होल्ट, अँपिअर. काकांनीही बघत बघत लिहायला सुरुवात केली, ठसठशीत अक्षरात.

चौथ्या दिवशी वही समोर घेऊन बसलो. बाराचा खेळ नीट, तीनचा नीट, सहाचा रोज बिघडलेला, नऊचा पुन्हा नीट. आणि व्होल्टेज सर्वांत कमी कधी? नऊच्या खेळाला! म्हणजे स्टॅबिलायझरचे पैसे पाण्यातच गेले असते.

आणखी एक नोंद मला झोपू देईना. दिवा विझला की काका उठून मीटर बघत. अँपिअर शून्य, व्होल्ट मात्र चढून शंभराच्या आसपास. याचा सरळ अर्थ असा, की रेक्टिफायर जिवंत आहे, वीज दिव्याच्या दारापर्यंत येतेय आणि कमान आतच तुटतेय. त्यावरूनच सगळ्यांनी दिव्याला दोषी धरलं होतं. पण काकांना खुर्चीतून उठून मीटरपर्यंत जायला चार-पाच सेकंद लागत. त्या चार सेकंदांत काय घडतं, ते कोणी पाहिलं होतं?

मग माझं लक्ष गेलं हवेकडे. लॅम्पहाऊसच्या, म्हणजे दिव्याच्या पेटीच्या वर धुराड्यासारखं एक्झॉस्टचं नळकांडं असतं. त्यात पत्र्याचं एक हलकं पातं टांगलेलं असतं. हवा खेचली जात असेल तर ते उचललं जातं आणि बारीक स्विच दाबून धरतं. हवा थांबली की पातं पडतं, स्विच सुटतो, कॉन्टॅक्टर नावाचा मोठा विद्युत स्विच रेक्टिफायर बंद करतो. दिवा तापून फुटू नये म्हणून ही सोय. मी त्या स्विचच्या दोन टोकांना टेस्टरमधला छोटा निऑन जोडला. स्विच मिटलेला असेल तोवर निऑन काळा, क्षणभर जरी उघडला तरी लाल. स्विचला तार मारून तो कायमचा बांधून टाकण्याचा सल्लाही मिळाला होता. चालत्या खेळात तसं करणं म्हणजे डोक्याशी बॉम्ब ठेवून बसणं.

सहाचा खेळ सुरू झाला. मी स्टुलावर बसून निऑनवरून नजर हटवली नाही. सहा चाळीसला तो डोळा मिचकावल्यासारखा एकदा लाल झाला. दिवा गेला. कान लावला होता म्हणून प्रोजेक्टरच्या खडखडाटातही कॉन्टॅक्टरचे दोन खटके ऐकू आले, सुटल्याचा आणि लगेच पुन्हा चिकटल्याचा. काका मीटरशी पोचेपर्यंत रेक्टिफायर परत चालू झालेला, व्होल्ट शंभराला. आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा ठिणगी पडणार नव्हती.

काका म्हणाले, “वर चला.”

गच्चीवर उभं राहिलो आणि पाठीवर वारा आदळला. वैशाखातला पश्चिमेचा वारा, उन्हं कलली की सुटणारा आणि रात्री जेवणवेळेपर्यंत पडणारा. नळकांड्याचं तोंड नेमकं पश्चिमेला वळवलेलं, वरची टोपी गेल्या पावसाळ्यातच उडालेली, आणि आत कबुतरांनी काड्या भरून निम्मी वाट अडवलेली. पंख्याचा जोर आधीच कमी पडलेला. जोराची झुळूक तोंडातून आत शिरली की खाली पातं क्षणभर पडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या काढल्या. घरट्यात अंडी नव्हती, हे काकांनी दोनदा पाहून घेतलं. पत्रेवाल्याने इंग्रजी एचच्या आकाराची टोपी करून दिली. ती वारा कुठूनही आला तरी सरळ आत येऊ देत नाही. त्या संध्याकाळी निऑन एकदाही लागला नाही.

पुढे तिथे डिजिटल प्रोजेक्टर आला. त्यातही झेनॉनच होता. दिवा कोणत्या सेकंदाला गेला, त्याआधी कोणता सुरक्षा-स्विच सुटला, हे मशीन स्वतःच नोंदवून ठेवतं. जुना प्रोजेक्टर केबिनच्या कोपऱ्यात सरकवला गेला, तेव्हा मी बघायला गेलो होतो. लॅम्पहाऊसच्या कडेला तो निऑन अजून चिकटपट्टीने बांधलेला होता आणि वही रेक्टिफायरवर पडलेली होती, शेवटच्या नोंदीपर्यंत काकांच्या अक्षरात.